चुकीच्या उत्तराचे पाच गुण

३ जुलै

धाकटे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून छातीत धस्स व्हायला नको. कुणी गेलेलं नाही. आई ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. मलाही तुझी आठवण अनावर वगैरे झालेली नाही. हे पत्र दहा गुणांसाठी आहे.

हसू नकोस. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी शिक्षक व्हायला शिकतेय. चौदा वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवल्यावर नियम आला की प्रमाणपत्र नसेल तर वर्षअखेरीला घरी बसा. माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरींबरोबर मी आता अध्यापक विद्यालयाच्या बाकावर बसते. बाक इतका अरुंद आहे की उठताना तो बरोबर उठतो. डिसेंबरपर्यंत कागद हातात पडला तर नोकरी राहील. नाही पडला तर माझ्या जागी प्रमाणपत्रवाली कुणीतरी येईल, जिने खरा वर्ग फक्त खिडकीतून पाहिला असेल.

इथे एक सर आहेत. आम्ही त्यांना उद्दिष्टसर म्हणतो, कारण ते उद्दिष्टं सांगितल्याशिवाय खिडकीही उघडत नाहीत. वर्ग ताब्यात कसा ठेवावा यावर परवा ते दीड तास बोलले. मागच्या बाकांवर तोवर दोघींनी केस विंचरले, एकीने झोप काढली आणि चौघींनी एका लग्नाचे फोटो पाहिले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करायची नाही, असा त्यांचा दंडक आहे. त्यामुळे आम्ही चाळीसजणी मान मुरगळून, तिरक्या उभ्या राहून लिहितो. अक्षरं उतरणीला लागतात. त्याचे गुण वेगळे कापतात.

तर या सरांनी एक प्रकल्प दिलाय: 'माजी विद्यार्थ्याशी पत्रसंवाद'. चार पत्रं, स्वतःच्या हस्ताक्षरात, कार्बन प्रत वहीला जोडून. उत्तर आलं तर दोन गुण जादा. वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींना माजी विद्यार्थी कुठून असणार? त्या एकमेकींनाच पत्रं लिहितायत आणि एकमेकींना उत्तरं देतायत. सगळ्यांचे बारा गुण पक्के आहेत.

मला माजी विद्यार्थी शेकड्यांनी आहेत, पण पत्ता एकाचाही ठाऊक नाही. तुझा मिळाला. आईला तू कपड्यांचं पार्सल पाठवतेस ना, त्याच्या कागदावर होता. शिवाय हिशेबाने पाहिलं तर माझी पहिली विद्यार्थिनी तूच. बाबांची शिकवणी पुढच्या खोलीत चालायची आणि आपली मधल्या दारात. मी अकरा वर्षांची, तू सात. पट्टी माझ्या हातात, पाटी तुझ्या. शिकलीस किती हा प्रश्न वेगळा. शाळा अर्धवट टाकून कापडं कापायला गेलीस, तेव्हा माझ्या अध्यापनाला तसं फारसं यश आलं नाही म्हणायचं.

उत्तर दे. दोन ओळीही चालतील. दोन गुण आहेत.

तुझी माजी शिक्षिका


९ ऑगस्ट

धाकटे,

तुझं उत्तर पोचलं. 'गुण मिळाले का?' एवढंच. खाली नावसुद्धा नाही. कार्डाचा बाकीचा भाग कोरा ठेवलास, कापड वाचवतेस तसा. उद्दिष्टसरांनी ते उजेडात धरून बघितलं आणि 'संवाद साधला गेला' असा शेरा मारून दोन गुण दिले. तेव्हा होय, मिळाले.

आता आमचे सराव पाठ सुरू झालेत. विद्यालयाच्या आवारातच एक शाळा आहे, आमच्यासारख्यांनी हात साफ करावा म्हणून ठेवलेली. तीस वर्षं झाली, दर वर्षी चाळीसजणी येतात आणि तेच तेच पाठ घेतात. तिथल्या सहावीच्या पोरांनी अपूर्णांकांची बेरीज या वर्षात नऊ वेळा ऐकलीय. माझी दहावी. मी रंगीत पुठ्ठ्याच्या चकत्या काढल्या, प्रस्तावनेचे तीन प्रश्न विचारले, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं आणि मी जरा श्वास घेतला. तर तिसऱ्या बाकावरचा एक गोबऱ्या गालांचा मुलगा मला हळूच म्हणतो, "बाई, आता तुम्ही म्हणायचं, तर मुलांनो, आज आपण." मी म्हटलं, "तर मुलांनो, आज आपण." काय करणार?

चौदा वर्षांत मला कुठल्या पोराने शिकवलं नव्हतं. मात्र खरी गंमत ही नाही.

आमच्या पाठाची तपासणी एका छापील कागदावर होते. त्यात वीस रकाने, प्रत्येकाला पाच गुण. आवाज, फलकलेखन, साधनांचा वापर, असं करत चौदावा रकाना येतो: 'चुकीच्या उत्तराची हाताळणी'. म्हणजे मुलाने चूक केली, तर शिक्षकाने न रागावता, टप्प्याटप्प्याने त्याला बरोबर उत्तराकडे न्यायचं. कल्पना चांगली आहे. पण तीस वर्षं तेच पाठ ऐकलेल्या शाळेत चुकणार कोण? आणि कुणी चुकलंच नाही, तर रकाना रिकामा, पाच गुण शून्य. वर एक नियम असा की वार्षिक पाठात एकाही रकान्यात शून्य पडलं, तर सगळा पाठच रद्द.

म्हणून त्या वर्गात चुकणारी मुलगी नेमलेली आहे.

खरंच सांगते. वर्गबाईंनीच नेमलीय. अकरा-बारा वर्षांची, हडकुळी, एका वेणीची रिबन कायम सुटलेली. आमच्या पोरी तिला पाचमार्की म्हणतात. पाठाच्या आधी मी पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते, तर ही माझ्यामागे येऊन उभी. धंद्याचं बोलायला यावं तशी विचारते, "बाई, चूक कुठली देऊ? छोटी का मोठी?"

मी म्हटलं, "म्हणजे गं?"

"छोटी म्हणजे आकडेमोडीची. मोठी म्हणजे समजलंच नाही अशी. मोठीला सर जास्त खूश होतात. पण मग समजावताना तुम्ही अडकायचं नाही हां. मागच्या बाई अडकल्या."

मी मोठी मागितली. पाठात मी विचारलं, एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून किती? पाचमार्कीने दोन क्षण वर छताकडे बघितलं, ओठ चावला आणि म्हणाली, "दोन पंचमांश." वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. अपूर्णांकातली सगळ्यात जुनी, सगळ्यात नमुनेदार चूक. काय सफाई! मग मी चकत्या लावून समजावत गेले आणि ती जागच्या जागी, बरोबर तिसऱ्या टप्प्यावर, "अय्या, हो की!" म्हणाली. उद्दिष्टसरांनी पाचपैकी पाच दिले.

तिला पेन्सिल द्यायची असते. प्रत्येक पाठाला एक, हा दर ठरलेला आहे. मी खोडरबरवाली दिली. ती म्हणाली, "साधीही चालली असती."

नंतर आम्ही वर्गाच्या निरीक्षण वहीत मुलांबद्दल एकेक ओळ लिहायची असते. तिच्यापुढे मी लिहिलं, 'मूलभूत संकल्पना कच्च्या. सावकाश शिकणारी.' वर सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.

बाबा असते तर या मुलीला बघून, पण ते असो.

ताई


२८ ऑगस्ट

धाकटे,

यावेळी तुझं कार्ड जरा भरलेलं होतं. एक अख्खं वाक्य. 'त्या मुलीला बरोबर उत्तर येतं का, हे विचारलंस?'

नाही विचारलं. तू मला शिकवणार आता? कापड कारखान्यात कटिंग मास्टर झालीस हे आईकडून कळलं. साठ साठ थरांवर एकदम कात्री चालवतेस आणि कापडाच्या पन्ह्यात बाह्या अशा बसवतेस की चिंधी उरत नाही, असं ती शेजारणींना सांगत असते. छान आहे. पण माणसाचं पोर म्हणजे कापड नव्हे. नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं, आणि ज्यांनी वर्गात पाऊल ठेवलं नाही त्यांना शिक्षकाचं सगळंच सोपं दिसतं.

मला ठाऊक आहे तू काय सुचवतेयस. पुढची खोली आठवतेय तुला. मलाही आठवतेय. कुणी नवीन पालक मुलाला शिकवणीला घालायचं की नाही ते बघायला यायचे. बाबा त्यांना खुर्ची द्यायचे, आतून आपल्या दोघींना बोलवायचे. आधी तुला विचारायचे. तू चुकायचीस. मग मी तुझी चूक काय झाली, का झाली आणि बरोबर काय, हे घडाघडा सांगायचे. पालक माना डोलवायचे. "हीच आमची पद्धत," बाबा म्हणायचे, "चूक कळली की गणित कळलं." दुसऱ्या दिवसापासून मुलगा शिकवणीला हजर.

हे बाबांनी ठरवलेलं होतं, मी नाही. तुला आधी सांगून ठेवलेलं असायचं, हेही मला ठाऊक होतं. घरात कामं वाटलेली असतात. कुणी पाणी भरतं, कुणी केर काढतं. तुझ्या वाट्याला ते आलं. गावभर तुझं नाव 'ढ' पडलं, शाळेतल्या बाईही तुला पुढच्या बाकावर बसवेनात, ते वाईट झालं. पण ते आम्ही ठरवून केलं नव्हतं.

माझी अकरावीची गणितं रात्री तू करून ठेवायचीस हे मी नाकारत नाही. सर, वरची ओळ मी खोडलेली आहे, कृपया वाचू नये.

आणि निवासी शाळेच्या फॉर्मचं म्हणशील, तर ते तुझं जुनंच तुणतुणं आहे. त्या वेळी तू सातवीत होतीस. शाळेकडून फॉर्म आला, बाबांनी भरला नाही. बापाला आपल्या मुलीची कुवत कळत असेल की नाही? तू त्याचा राग धरलास तो असा धरलास की एकोणिसाव्या वर्षी घर सोडलंस आणि पुढे बाबा अंथरुणाला खिळले तरी आली नाहीस. त्यांना अग्नी दिला तेव्हाही नाहीस. अकरा वर्षं मी हे कुणापुढे बोलले नव्हते. आज दहा गुणांच्या वहीत बोलतेय, याची मला लाज वाटते.

मुलीला विचारीन. तुझ्यासाठी नव्हे. मला आपलं बघायचंय.

ताई


१४ ऑक्टोबर

धाकटे,

विचारलं.

मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून पेन्सिली लावत होती, लांबीप्रमाणे. एकेचाळीस जमल्यात, एकीलाही टोक काढलेलं नाही. मी शेजारी बसले. म्हटलं, "एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश?"

"सरावाला का, खरं?"

"खरं."

"पाच षष्ठांश," ती म्हणाली, पेन्सिलीवरून नजर न काढता. "पण ते सांगायचं माझं काम नाही. ते पहिल्या बाकाचं."

मग मी तिला सातवीतलं एक विचारलं, आठवीतलं एक. आठवीतलं तिने पायरीवर बोटाने लिहून सोडवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "याच्यात चार प्रकारे चुकता येतं, बाई." चारही चुका तिने मला दाखवल्या. चौदा वर्षांत मला त्यातल्या तीनच सापडल्या होत्या.

मी वर्गबाईंकडे गेले. ही बाई म्हणजे पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर बसून खुर्चीला आपला आकार दिलेली. टेबलावर पुढच्या वर्षीच्या तुकड्यांची यादी होती. 'सावकाश' तुकडीत पाचमार्कीचं नाव पहिलं. या तुकडीला बीजगणित शिकवत नाहीत, त्यांना हस्तकलेचे तास जास्त असतात आणि एकदा तिथे गेलेलं मूल परत वर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मी कारण विचारलं तर बाईंनी निरीक्षण वही पुढे सरकवली. गेल्या वर्षीच्या धरून एकेचाळीस जणींनी तिला कच्ची ठरवलंय. शेवटून तिसरी ओळ माझ्या अक्षरात.

"अहो, पण तिला तुम्हीच चुकायला लावता," मी म्हटलं.

"मग? वहीत काय लिहू, की चुका आम्ही शिकवतो म्हणून?" बाई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या. "आणि तिने बरोबर बोलायला सुरुवात केली तर तुमच्या चौदाव्या रकान्याचं काय? नवीन मूल तयार करायला मला महिना जातो. वार्षिक पाठ कधी आहे तुमचा?"

"सोळा नोव्हेंबर."

"मग होऊ दे की तोवर. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

बघ, काय सोज्वळ सल्ला! आणि मी काय केलं सांगू? मान हलवली आणि बाहेर आले. या सगळ्यांना मी जुलैपासून नावं ठेवतेय. उद्दिष्टसर पोकळ, पोरी उनाड, बाई निगरगट्ट. आणि वेळ आली तेव्हा मी त्यांच्याहून शहाणी निघाले नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच माझं शहाणपण.

मात्र एक युक्ती काढलीय. साप मरावा आणि काठीही मोडू नये अशी. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतात. त्यांच्यासमोर पाचमार्की बरोबर उत्तर देईल, त्यांच्या सहीने ते कागदावर येईल आणि यादी बदलेल. माझ्या चौदाव्या रकान्यासाठी तिसऱ्या बाकावरचा तो गोबरा चुकेल. त्याला दोन पेन्सिली कबूल केल्यात. तो आणि ती, दोघांकडून मी तीन वेळा म्हणून घेतलंय.

सरांना हे पत्र दाखवणार नाही. चौथं म्हणून दुसरंच एक, बिनधोक, लिहून वहीला लावीन.

ताई


१७ नोव्हेंबर

धाकटे,

काल पाठ झाला. रात्रभर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी उठून, दात घासायच्या आधी बसलेय.

परीक्षक म्हणजे एक वाळलेले, सभ्य गृहस्थ. मागच्या बाकावर उद्दिष्टसरांशेजारी बसले, पेन्सिलीला टोक काढलं, कागद मांडीवर घेतला. मी चकत्या लावल्या. प्रस्तावना झाली, 'तर मुलांनो, आज आपण' झालं. मग मी ठरल्याप्रमाणे गोबऱ्याला उभं केलं. "एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश?"

त्याने परीक्षकांकडे बघितलं. छाती फुगवली. "पाच षष्ठांश!" म्हणाला.

साहेबांसमोर चमकायची संधी दोन पेन्सिलींसाठी कोण घालवेल? त्या वयात मीही नसती घालवली. मी त्याला 'शाबास' म्हटलं, पण माझा आवाज मला परका वाटला. अजून दोघांना विचारलं. दोघांनी बरोबर सांगितलं. बाराव्या वेळी ऐकताहेत, चुकतील कसे? परीक्षकांची पेन्सिल कागदावरून खाली येत येत थांबली. मला इतक्या लांबून रकाना दिसत नव्हता, पण कुठे थांबलीय हे मला ठाऊक होतं. उद्दिष्टसर मला डोळ्यांनी खुणावत होते.

आणि पाचमार्कीचा हात वर गेला.

तिला मी बरोबर उत्तरासाठी राखून ठेवलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. तिने एकदा गोबऱ्याकडे बघितलं, एकदा त्या पेन्सिलीकडे, मग माझ्याकडे. उभी राहून, ओठ चावून, अगदी नेहमीसारखं म्हणाली, "बाई, माझं दोन पंचमांश आलं."

माझी नोकरी वाचवत होती ती. कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षकांनी मान वर केली. खूप सौम्यपणे त्यांनी मला विचारलं, "काय बाई, हिला येत नाही वाटतं?"

धाकटे, मला फक्त चकती उचलायची होती. 'बघू या हं, कुठे चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पाच गुण, मग प्रमाणपत्र, मग नोकरी, सगळं त्या एका वाक्यापलीकडे उभं होतं. मी चकती उचलली देखील.

मग मी म्हणाले, "येतं. तिला सगळं येतं. माझ्यासाठी चुकतेय ती."

उद्दिष्टसर खोकले. परीक्षकांना काही कळेना. मी पाचमार्कीला फळ्यापाशी बोलावलं, खडू दिला. ती माझ्याकडे अशा रागाने बघत आली की काय सांगू. तिने बेरीज सोडवली. परीक्षकांनी उत्सुकतेने अजून तीन गणितं घातली, शेवटचं आठवीचं होतं. तिने ते सोडवलं, आणि मग तिला राहवेना. वळून वर्गाला म्हणाली, "इथे सगळे जण काय चुकतात माहितेय?" दहा मिनिटं ती बोलली. फळ्याकडे पाठ करून, मुलांकडे पाठ करून, हवी तशी. तीस वर्षांत त्या खोलीत कुणी काही पहिल्यांदा ऐकलं असेल तर ते काल.

माझा कागद संध्याकाळी हाती आला. रकाना चौदा: शून्य. शेरा असा: 'पाठात चुकीचे उत्तर खऱ्या अर्थाने आले नाही. शेवटची दहा मिनिटे अध्यापन विद्यार्थिनीने केले, छात्राध्यापिकेने नाही.' पाठ रद्द. पुन्हा मे महिन्यात. माझ्या शाळेत फोन केला, तर मुख्याध्यापक म्हणाले, "आम्हाला वाईट वाटतंय हो, पण नियम तो नियम." त्यांना वाईट वाटत नव्हतं. जागा त्यांच्या भाचीला हवीच होती.

परीक्षकांनी जाण्याआधी निरीक्षण वही मागवली आणि पाचमार्कीच्या नावापुढे स्वतः चार ओळी लिहून सही केली. यादीतून नाव निघालं. तेवढं झालं. वर्गबाई माझ्याशी बोलत नाहीत. चुकणारा म्हणून आजपासून गोबरा. शिक्षा म्हणून नेमलाय. पद्धत काही बदललेली नाही, तू असल्या भ्रमात राहू नकोस.

पाचमार्की मला फाटकापाशी भेटली. मला वाटलं होतं खूश असेल. डोळे सुजलेले. "बाई, तुम्ही माझं काम घालवलंत," म्हणाली. "मला एवढंच चांगलं येत होतं. आणि तुमचंही गेलं. मी तर बरोबर चुकले होते." मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तिने मान काढून घेतली. बरं केलं.

आता मूळ मुद्दा. चार पत्रं मी तुला त्याच्याभोवती फिरवत आणलं.

निवासी शाळेचा फॉर्म आला, त्या संध्याकाळी तू दळण आणायला गेली होतीस. बाबांनी तो भरायला घेतला होता. तुझं नाव, जन्मतारीख, सगळं त्यांच्या अक्षरात लिहून झालं होतं. सहीपाशी ते थांबले. मी मधल्या दारात उभी होते. त्यांनी मला विचारलं, "तिला जमेल का गं? तुझ्यासमोरच बसते ती. तुला कळत असेल."

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. रोज तुला चुकायला सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. मला ठाऊक होतं. माझ्या अकरावीच्या वहीत तुझी आकडेमोड होती, त्याच टेबलावर, त्यांच्या कोपराखाली.

मी म्हणाले, "नाही जमणार, बाबा. उगाच हसं होईल."

त्यांनी फॉर्म दुमडला. बस. तू गेली असतीस तर माझी गणितं कुणी केली असती, आणि पालकांसमोर मी चुका कुणाच्या दुरुस्त केल्या असत्या? मी इतकीच होते. उद्दिष्टसरांना पोकळ म्हणणारी मी, एवढीच.

तू बाबांवर राग धरलास. मी धरू दिला. शेवटच्या आठवड्यात ते तुला बोलवून आण म्हणत होते, तेव्हा मी आईला सांगितलं की तू येणार नाही म्हणालीस. मी तुला कळवलंच नव्हतं. तू आलीस तर दोघं बोलाल आणि फॉर्मची गोष्ट निघेल, याची मला भीती होती. ते दाराकडे बघत गेले.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही आणि तू देऊ नयेस असं मलाच वाटतं. काल परीक्षकांनी विचारलं, हिला येत नाही वाटतं, तेव्हा मला त्यांच्या जागी बाबा दिसले. बावीस वर्षांनी तोच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला. यावेळी बरोबर उत्तर दिलं, पण ते दुसऱ्याच मुलीला मिळालं.

याला कार्बन लावलेला नाही. हे पत्र एकच आहे, आणि आता ते तुझ्याकडे आहे. आईला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

ताई